पाठांतर आणि प्रामाणिकपणा



दुबईहून परत आल्यापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. त्या गोष्टीला आता बराच काळ लोटला, तरी तो प्रश्न सुटत नाही, म्हणून तो आपणांपुढे मांडावा असे ठरवले. प्रश्न मुलांच्या अभ्यासाचा आहे. शाळा सोडून चाळीस-पन्नास वर्षे झालेल्या वाचकांना वाटेल की आता आपल्याला त्याचे काय? पण नातवंडे बहुतेकांना आहेत, आणि परीक्षेच्या दिवसांत घरोघरी जी रडारड चालते ती आपल्या कानांवर पडतेच.

२०२० च्या सप्टेंबरात अमिरातीशी करार झाला आणि त्याच वर्षी तेल अवीवहून दुबईला सरळ विमाने सुरू झाली. आपल्यातले पुष्कळ जण तेथे जाऊन उंच मनोरे आणि सोन्याचा बाजार पाहून आले. आम्ही २०२३ च्या जानेवारीत गेलो ते मनोऱ्यांसाठी नव्हे. माझगावच्या आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून जे कुटुंब राहत होते, त्यांचा धाकटा मुलगा तेथे लाकूडकामाच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आम्ही देश सोडला तेव्हा तो कडेवर होता. त्याने फोनवर म्हटले, "मावशी, आता विमान आहे, आता कारण सांगू नका." मग गेलो.

तो राहतो त्या भागाचे नाव अल क्वोज. शेख झायेद रस्त्यावरचा झगमगाट सोडून आतल्या बाजूला वळले की हा भाग लागतो. गोदामे, गॅरेजे, सुतारकामाचे आणि दगड कापण्याचे कारखाने, कामगारांच्या वसाहती. पहाटे कामगारांना घेऊन जाणाऱ्या बसगाड्यांची रांग लागते. आम्हांला तर शिवडी-माझगावची आठवण झाली, फक्त समुद्राचा वास नव्हता. तेथेच अलसरकाल अव्हेन्यू नावाची एक जागा आहे. पूर्वी संगमरवराचा कारखाना होता तिथपर्यंत आता चित्रांची दालने पसरली आहेत. एका संध्याकाळी आम्ही तीही पाहिली. चित्रे फारशी कळली नाहीत, हे कबूल करतो.

शब्बाथ संपल्यावर आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. २०२२ पासून तेथेही शनिवार-रविवारची सुट्टी असते, त्यामुळे मुले घरीच होती. थोरली मुलगी दहावीला, दिल्लीच्या मंडळाचा अभ्यासक्रम, सगळे इंग्रजीतून. परीक्षेला महिनाही उरला नव्हता. ती येरझारा घालत, डोळे मिटून, प्रकाशाच्या अपवर्तनाची व्याख्या म्हणत होती. (आमच्या वेळी याला वक्रीभवन म्हणत.) व्याख्या, मग नियम, मग आकृतीखालची ओळ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. चाळीस वर्षे शिकवण्याची सवय कोठे जाते? आम्ही तिला जवळ बोलावले आणि विचारले, "आमच्या कोकणात खाडीच्या काठाने उभे राहून भाल्याने मासे मारणारे लोक असत. मासा दिसतो तेथेच भाला मारला तर तो लागेल काय?"

ती म्हणाली, "लागेल." मग थांबून म्हणाली, "नाही लागणार, रिफ्रॅक्शन होतं."

"मग भाला दिसणाऱ्या माशाच्या वर मारायचा की खाली?"

तिने पुन्हा व्याख्या म्हटली. आम्ही पुन्हा विचारले. तिने पुन्हा व्याख्या म्हटली, या वेळी हळू आवाजात, आणि तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिची आई स्वयंपाकघरातून आली. रागावली नाही, पण आवाज कडक होता. "मावशी, परीक्षा झाल्यावर शिकवा ना हे सगळं. आत्ता तिला काही नवीन नको. जे पाठ झालंय ते डळमळलं तर काय करायचं?"

आम्ही गप्प बसलो. त्या रात्री झोप लागली नाही, आणि येथूनच आमचा प्रश्न सुरू झाला. ज्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे लिहून गुण मिळवणे, ही अप्रामाणिकता आहे काय? आणि असेल तर ती कोणाची?

आपल्या धर्मशास्त्रात एक शब्द आहे, गेनेवत दाअत. शब्दशः अर्थ, दुसऱ्याची समजूत चोरणे. कोणाची वस्तू घेतली नाही, उघड खोटेही बोललो नाही, पण समोरच्याच्या मनात खोटी समजूत निर्माण केली, तर तीही चोरीच. तालमूदमध्ये याची मोठी घरगुती उदाहरणे आहेत. पाहुणा जेवणार नाही हे ठाऊक असताना त्याला पुनःपुन्हा जेवणाचा आग्रह करू नये, कारण तो फुकटचा उपकार मानील. या मापाने पाहिले तर घोकून लिहिलेले उत्तर चोरीत जमा झाले पाहिजे. तपासणाऱ्याला वाटते की मुलीला समजले आहे, आणि मुलीला तर समजलेले नाही.

पण असा विचार करता करता आमच्या लक्षात आले की तपासणारा मुळीच फसत नाही. आम्ही स्वतः हजारो पेपर तपासले आहेत. एकाच वर्गातल्या तीस मुलांनी एकच वाक्य एकाच चुकीसह लिहिले, तर ते कोठून आले हे कोणाला कळत नाही? आम्ही जाणून गुण दिले आहेत. तेव्हा समजूत चोरीला गेली असेल, तर ती तपासणाऱ्याची नव्हे.

येथे कोणी म्हणेल की पाठांतरच वाईट, ते बंद करा, म्हणजे प्रश्न मिटला. आजकाल असे बोलणे फॅशनचे झाले आहे. आम्हांला ते पटत नाही, आणि बेने इस्राएलांनी तरी ते पटवून घेऊ नये. आपण आज जे आहोत ते कशामुळे? कोकणात आपल्या पूर्वजांपाशी तोरा नव्हती, तालमूद नव्हता, हिब्रू वाचता येत नव्हते. तेलाच्या घाण्या चालवीत, शनिवारी बैल सोडून ठेवीत, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. त्यांच्यापाशी शब्बाथ होता, सुंता होती, खवले-पंखांचे मासेच खाण्याची रीत होती, आणि शेमा होता. जन्माच्या वेळी, लग्नाच्या वेळी, मरणाच्या वेळी एकच शेमा. अर्थ किती जणांना ठाऊक असेल? बहुधा फार थोड्यांना. दाविद रहाबी आले आणि त्यांनी आपल्या लोकांना मासे आणि शेमा यांवरून ओळखले, असे परंपरा सांगते. त्या न कळलेल्या शब्दांचे पाठांतर नसते, तर ओळखायला काय उरले असते?

मग ते पाठांतर अप्रामाणिक होते काय? मुळीच नाही. याचे कारण आम्हांला असे दिसते की आमच्या आजी-पणजीने 'मला हिब्रू येते' असा दावा कधी केला नाही. जे आहे ते जपून ठेवले, अर्थ सांगणारा येईपर्यंत. आणि तो आला तेव्हा लोक धावले. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्याचा हेतू वेगळा होता हे सर्वांना ठाऊक आहे, पण आपल्या लोकांनी व्याकरण घेतले आणि हेतू त्याच्याकडेच राहू दिला! १८७४ साली पुण्याला मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनिएल तळकर यांनी हग्गादा मराठी भाषांतरासह छापून काढला. पुढच्याच वर्षी हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली, जी पुढे सर एली कदूरी या नावाने माझगावला नावारूपास आली. म्हणजे पाठ असलेल्या गोष्टीचा अर्थ विचारायला पिढ्यान् पिढ्या थांबलेले लोक संधी मिळताच विचारू लागले.

आणखी एक गंमत सांगतो. शेमाच्या पहिल्या परिच्छेदात मुलांना शिकवण्याविषयी जे क्रियापद येते, त्याच्याशी जुळणारा आजच्या हिब्रूतला शब्द आहे शिन्नुन. रस्त्यावर कोणालाही विचारा, शिन्नुन म्हणजे घोकंपट्टी. पण त्या क्रियापदाचा धातू पाहिला तर त्याचा अर्थ निघतो धार लावणे. दाताला हिब्रूत शेन म्हणतात, तो याच घरातला. आम्ही पस्तिशी उलटल्यावर हे समजलो, आणि तेही शाळेतल्या एका कनिष्ठ सहकाऱ्याकडून. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेला शब्द! चाकू नुसता हवेत फिरवून धार लागत नाही, त्याला दगड लागतो. घोकलेल्या शब्दाला कोणाचा तरी प्रश्न लागतो.

आमच्या आजोबांच्या लहानपणी रेवदंड्याला घरची घाणी होती. दिवेलागणीला परवचा म्हणण्याचा त्यांचा नेम त्यांनी म्हातारपणी आमच्यावरही लादला. पाढे तर होतेच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीसुद्धा. आम्ही शाळेत किलो आणि लिटर शिकत होतो, आणि घरी पावशेर-अच्छेराचे पाढे. तेव्हा फार राग येई. आता वाटते, आजोबांचे पाठांतर आमच्यापेक्षा वेगळे होते. त्यांच्यासमोर गिऱ्हाईक उभे राहत असे. सव्वा शेराच्या सात मापांचे किती, हे क्षणात सांगावे लागे, आणि चुकले तर घरचे नुकसान. पाढा त्यांच्या कामाला येई. आम्ही मात्र तो आजोबा ओरडू नयेत म्हणून म्हणत होतो.

शाळेत तर विचारूच नका. मुंबईच्या आमच्या शाळेत भूमितीचे गुरुजी प्रमेये फळ्यावर लिहून देत, आम्ही ती पाठ करीत असू. एकदा ते आजारी पडले आणि बदली गुरुजी आले. त्यांनी पायथागोरसचे प्रमेय विचारले, पण त्रिकोणाला अ, ब, क नावे न देता च, छ, ज दिली, आणि काटकोन वरच्या बाजूला काढला. सबंध वर्ग बसला! पहिला नंबर पटकावणारा मुलगाही हात वर करीना. त्या गुरुजींनी कोणाला मारले नाही, की हसलेही नाहीत. ते म्हणाले, "त्रिकोण उलटा केला म्हणून प्रमेय पळून गेले काय?" आम्हांला शिक्षक व्हावेसे वाटले ते त्या तासाला.

आणि तरीही पुढे आम्ही काय केले ते आता सांगितले पाहिजे. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिणे लबाडी ठरेल.

आम्ही नेगेवमधल्या एका गावी वर्षानुवर्षे गणित शिकवले. वर्गात बहुतेक मुले नव्याने आलेल्या किंवा गरीब घरांतली. बगरूतच्या परीक्षेत किती मुले उत्तीर्ण झाली यावर शाळेचे नाव ठरे आणि आमचेही. आम्ही लवकरच युक्ती शिकलो. कोणत्या तऱ्हेचा प्रश्न आला की कोणती पायरी आधी लिहायची, हे आम्ही वहीत चौकटी आखून देत असू. मुले ते घोकीत. उत्तीर्ण होत. आया येऊन आमचे हात धरून आभार मानीत. आपल्याच समाजातला एक मुलगा होता, मोठा कष्टाळू. तीन युनिटच्या गणितात तो चांगल्या गुणांनी पास झाला, आणि आम्ही सर्वांसमोर त्याला म्हटले की तू हुशार आहेस, पुढे इंजिनिअरिंगकडे जा.

कित्येक वर्षांनी तो आम्हांला एका मेंदीच्या समारंभात भेटला. दोन मुलांचा बाप, स्वतःचा व्यवसाय, सुखी दिसला. बोलता बोलता त्याने सांगितले की तो खरोखरच गेला होता, इंजिनिअरिंगच्या पूर्वतयारीच्या वर्गात, मेखिनात. तेथे पहिल्या आठवड्यात शिक्षकाने विचारले की ऋण संख्येला ऋण संख्येने गुणले तर उत्तर धन का येते? "नियम मला पाठ होता, मोरा. त्याला 'का' असतं हेच मला माहीत नव्हतं. मला वाटलं बाकी सगळ्यांना हे कळतंय, मी एकटाच ढ. महिन्याभरात सोडून दिलं." आमच्यावर त्याचा राग नव्हता. उलट त्याने आमच्या ताटात आणखी मलिदा वाढला. आमच्या घशाखाली तो उतरेना.

आमची चोरी कोणाची, हे आम्हांला त्या मेंदीत कळायला हवे होते. अल क्वोजमधल्या त्या बिनझोपेच्या रात्री ते कळले. मंडळाची समजूत चोरीला गेली नव्हती, कारण मंडळाला गुणांशी काम. त्या मुलाला 'आपल्याला हे समजलेले नाही' हे कळण्याचा हक्क होता, तो आम्ही काढून घेतला. हुशार आहेस हे आमचे शब्द त्याच्या मनात खोटी समजूत निर्माण करणारे होते. पाहुण्याला पोकळ आग्रह करणाऱ्यासारखेच. मूल घोकते तेव्हा ते सहसा फसवीत नाही. त्याला सांगितलेले असते की ज्ञान म्हणजे हेच. अप्रामाणिकता मोठ्यांची असते.

पण त्या मुलीच्या आईला दोष द्यायला आमची जीभ धजत नाही. तिचा हिशेब वेगळा होता. शाळेची फी मोठी, घरभाडे मोठे, आणि तेथे राहण्याचा परवाना नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेला. उद्या कारखाना बंद झाला तर बिऱ्हाड उचलून मुंबईला परत, आणि तेथे अकरावीच्या प्रवेशाला विचारणार काय, तर टक्के. 'समजले आहे' याचा दाखला कोणी देत नाही. आपण अलियाच्या वेळी हेच भोगलेले आहे. हातात कागद असला तर माणूस, नाही तर हात झाडा. तेव्हा आईला वाटणारी भीती खोटी नव्हती. प्रश्न एवढाच, की घोकंपट्टीने त्या भीतीवर खरोखर उतारा पडतो काय?

येथे आम्हांला थोडा आधार सापडला, आणि तो भावनेचा नसून आकड्यांचा आहे. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो स्वतःच पाठ करी आणि किती विसरलो ते मोजी. एकाच दिवशी लागोपाठ ६८ आवर्तने करून जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. म्हणजे पाठच करायचे असेल तरी एका रात्रीत करणे हे नुकसानीचे. शेमा सकाळ-संध्याकाळ म्हणायला सांगणाऱ्यांना हे कोणी शिकवले असेल?

दुसरा प्रयोग २००६ सालचा, अमेरिकेतल्या सेंट लुईसचा, हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा. विद्यार्थ्यांना दोन छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा आणि एक समुद्री पाणमांजरांवरचा. एक उतारा त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचला, आणि मग पुस्तक मिटून जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेल्यातले ८१ टक्के आठवले आणि लिहून काढलेल्यातले ७५. पण ज्यांची परीक्षा एका आठवड्याने घेतली, त्यांना दोनदा वाचलेल्यातले ४२ टक्के आठवले, आणि लिहून काढलेल्यातले ५६. हे आकडे वाचून आम्हांला आमच्या चौकटींच्या वह्या आठवल्या. पाच मिनिटांच्या परीक्षेसाठी आम्ही मुलांना तयार करीत होतो, आणि पुढचा आठवडा त्यांच्या नशिबावर सोडीत होतो.

गणिताच्या बाबतीत फ्लोरिडात रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली दाखवले की एकाच जातीची उदाहरणे ओळीने सोडवली तर सोडवताना फार छान येतात. पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत तसे करणाऱ्यांना सरासरी २० टक्केच आली, आणि चार जातींची उदाहरणे मिसळून सोडवणाऱ्यांना ६३. कारण उघड आहे. मिसळलेली असली की आधी ओळखावे लागते की हे कोणत्या जातीचे. च, छ, ज चा त्रिकोण!

भारतातही या दिशेने धडपड झाली नाही असे नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू झाला. मुलांनी प्रयोग करायचे, आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायचे. तीस वर्षे चालला, २००२ साली बंद केला. चांगली गोष्ट बंद करायला फार लोक लागत नाहीत. आता दिल्लीच्या मंडळानेही, पाठ उत्तर चालणार नाही अशा प्रश्नांचा वाटा अकरावी-बारावीसाठी २०२४-२५ पासून ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेला आहे. बाजारात त्या प्रश्नांच्याही तयार उत्तरांची पुस्तके मिळतात, हे वेगळे सांगायला नको.

यातले बरेचसे आम्ही त्या माऊलीला दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पाठ केलेलं सोडायचं नाही, एवढं कबूल करा." आम्ही कबूल केले. खरे तर आमचेही तेच म्हणणे होते.

मग चार दिवस आम्ही एकच गोष्ट केली. मुलीने व्याख्या पाठ म्हणायची, इंग्रजीतून, जशी आहे तशी. मग वही मिटायची, आणि तीच गोष्ट तिसरीतल्या धाकट्या भावाला मराठीतून सांगायची. येथे तिची पहिली फजिती झाली. इंग्रजी शब्द एकामागून एक धावत येत, पण मराठीत सांगायचे तर प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागे. 'नॉर्मल' म्हणजे काय हे भावाने विचारले, तेव्हा तिला प्रथम कळले की ती रेघ खरोखर कोठे नसतेच, ती आपण मनाने उभी करतो. तळकरांना हग्गादा मराठीत आणताना असेच ओळीओळीला अडावे लागले असेल. आपल्यापैकी ज्यांची नातवंडे हिब्रूतून शिकतात, त्यांनी हे करून पाहावे. आजीला मराठीत सांग, म्हणावे. आजीला विषय येत नसेल तर फारच उत्तम.

भाऊही काही कमी नव्हता. त्याला प्रश्न विचारण्याचे काम दिले म्हणून तो फुगला होता. आम्हांला आमचा पेसाह आठवला. घरातल्या सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे, आणि आम्ही ते चार प्रश्नसुद्धा पाठ करूनच विचारत असू! उत्तराकडे लक्ष नसे, लक्ष जेवणाकडे. पण पाचवा प्रश्न कधी तरी आपोआप येई. एका वर्षी आमच्या धाकट्या बहिणीने विचारले होते की समुद्र दुभंगला तेव्हा मासे कोठे गेले? वडील हसले नाहीत. त्यांनी हग्गादा खाली ठेवला आणि म्हणाले, विचार करू या. येथे आल्यावर येशिवातल्या मुलांना आम्ही जोडीजोडीने बसून शिकताना प्रथम पाहिले, त्याला चव्रूता म्हणतात, म्हणजे सोबत. दोघे इतके भांडत होते की आम्हांला वाटले आता मारामारी होते. ते एका ओळीच्या अर्थावरून भांडत होते.

मुलीला परीक्षेत किती गुण मिळाले ते आम्ही मुद्दामच लिहीत नाही. चांगले मिळाले म्हणावे तर वाचक म्हणतील पद्धत बरोबर, कमी मिळाले म्हणावे तर म्हणतील चूक, आणि आमचा प्रश्न बाजूलाच राहील.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एक स्टीलची वाटी मागून घेतली आणि तिच्या तळाशी एक दिरहमचे नाणे ठेवले. मुलीला सांगितले, नाणे वाटीच्या काठाआड जाऊन दिसेनासे होईपर्यंत मागे सर. ती सरली. मग भावाने तांब्याने हळूहळू पाणी ओतले, आणि नाणे वर आल्यासारखे दिसू लागले. ती ओरडलीच. मग गप्प झाली, कागद ओढला, वाटी काढली, किरण काढला, खोडला. दुसऱ्यांदा काढला, खोडला. तिसऱ्यांदा तिने पाण्यातून वर येणारा किरण पृष्ठभागापाशी वाकवून काठावरून डोळ्यापर्यंत आणला, आणि मग तुटक रेघेने उलट पाण्यात नेला. म्हणाली, "मासा दिसतो त्याच्या खाली असतो. भाला खाली मारायचा." आम्ही काही बोललो नाही. तिनेच पुढे विचारले, "पण मावशी-आजी, पाण्यात शिरल्यावर प्रकाश हळू का होतो?"

आम्ही गणिताचे शिक्षक. आम्हांला ते नीट सांगता येत नव्हते, आणि तसे आम्ही तिला सांगितले. तिने वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवला, शाळेत विचारायला.

आई दारात उभी होती. "हे येतं का परीक्षेत?" तिने विचारले.

"शेवटचं नाही येत," मुलगी म्हणाली.

आईने हात पदराला पुसले, वाटीतले पाणी बेसिनमध्ये ओतून दिले, नाणे पुन्हा तळाशी ठेवले आणि ते दिसेनासे होईपर्यंत मागे सरली. मग मुलाला म्हणाली, "ओत आता. हळू ओत."